फॉरेस्ट हिल्सचा उंबरठा : रेने रिचर्ड्स प्रकरण आणि अमेरिकी जनमत

लिंगपरिवर्तन केलेल्या खेळाडूने स्त्रियांच्या गटात खेळावे की नाही, या वादाचे आजचे जवळजवळ सर्व मुद्दे १९७६ आणि १९७७ या दोन वर्षांत अमेरिकी टेनिसच्या निमित्ताने मांडून झाले होते. मात्र त्या वेळच्या वृत्तपत्रांनी ज्या गोष्टीवर सर्वाधिक शाई खर्च केली ती खेळाडूची उंची, आवाज आणि दंड ही होती, तिचा खेळ नव्हे. डॉ. रेने रिचर्ड्स यांच्या प्रकरणाचा इतिहास पाहताना ही विसंगती सतत ध्यानात ठेवावी लागते, कारण लोकांचा क्षोभ पुढे शमला तो युक्तिवादांनी नव्हे, तर सामन्यांच्या निकालांनी. आणि निकालांनी शमलेला प्रश्न सुटलेला असतोच असे नाही.

अशा बातम्या अमेरिकी वाचकांना अगदीच नव्या नव्हत्या. १९३४ मध्ये लंडनच्या महिला जागतिक क्रीडास्पर्धेत आठशे मीटर शर्यत जिंकलेल्या चेक धावपटूने पुढे झ्डेनेक कोउबेक या नावाने पुरुष म्हणून जगायला आरंभ केला, तेव्हा त्याच्याकडे प्रामुख्याने नवल म्हणून पाहिले गेले. तरीही १९३६ मध्ये अमेरिकी ऑलिंपिक चळवळीतील नेते एव्हरी ब्रंडेज यांनी स्त्री-खेळाडूंच्या शारीरिक तपासणीची मागणी केलीच. डिसेंबर १९५२ मध्ये माजी सैनिक क्रिस्टीन जॉर्गेन्सन यांची डेन्मार्कमधील शस्त्रक्रिया न्यूयॉर्कच्या दैनिकाच्या पहिल्या पानावर झळकली. या दोघांपैकी कोणीही नव्या ओळखीने स्त्रियांच्या स्पर्धेत उतरू पाहत नव्हते. रिचर्ड्स उतरू पाहत होत्या, आणि नेमक्या त्याच ठिकाणी कुतूहलाचे रूपांतर विरोधात झाले.

रिचर्ड्स यांचा जन्म १९३४ चा, न्यूयॉर्कमधल्या डॉक्टर दांपत्याच्या घरातला. जन्मनाव रिचर्ड रॅस्किंड. येल विद्यापीठाच्या पुरुष टेनिस संघाचे कर्णधारपद, नौदलातील सेवा, नेत्रशल्यविशारद म्हणून, विशेषतः तिरळेपणावरील शस्त्रक्रियांसाठी, मिळालेली प्रतिष्ठा, विवाह आणि एक मुलगा असा बाहेरून भरलेला दिसणारा संसार मागे ठेवून त्यांनी १९७५ मध्ये शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्या कॅलिफोर्नियात जाऊन राहिल्या. ‘रेने’ या फ्रेंच नावाचा अर्थच पुनर्जन्म पावलेली असा आहे. जुलै १९७६ मध्ये ला होया येथील स्पर्धा त्यांनी रेने क्लार्क या नावाने जिंकली, आणि थोड्याच दिवसांत सॅन दिएगोच्या एका दूरचित्रवाणी वार्ताहराने त्यांचे पूर्वायुष्य जाहीर केले. एका डॉक्टरच्या खासगी आयुष्यात कोणता सार्वजनिक प्रश्न होता, ही विचारणा त्या वेळी फार थोड्यांनी केली.

त्यानंतरच्या बातम्यांत भाषाच अडखळताना दिसते. एकाच मजकुरात ‘तो’ आणि ‘ती’ यांची सरमिसळ होई, जुने नाव नव्या नावाशेजारी छापले जाई, आणि सहा फुटांहून अधिक उंचीचा उल्लेख बहुधा सुटत नसे. इंग्रजीत हा पेच सर्वनामापुरता तरी आटोपतो. मराठीत ‘जिंकला’ की ‘जिंकली’ हे ठरवल्याशिवाय भूतकाळातले साधे वाक्यही पुरे होत नाही, आणि आदरार्थी ‘जिंकल्या’ लिहिणाऱ्याने तर आपली बाजू आधीच सांगून टाकलेली असते.

ऑगस्ट १९७६ मध्ये न्यू जर्सीतील साउथ ऑरेंज येथे जीन स्कॉट या स्नेही संयोजकाने रिचर्ड्स यांना आपल्या स्पर्धेत प्रवेश दिला, तेव्हा बत्तीसपैकी पंचवीस स्त्री-खेळाडूंनी माघार घेतली. हा बहिष्कार केवळ पूर्वग्रहाचा होता असे म्हणणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. स्त्रियांच्या व्यावसायिक टेनिसला स्वतःची संघटना मिळून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. बक्षिसाची रक्कम पुरुषांच्या बरोबरीने मिळावी म्हणून भांडलेल्या खेळाडूंना आपली नुकतीच हाती आलेली जागा डळमळीत वाटली, तर त्यात अस्वाभाविक काही नव्हते. प्रत्यक्षात त्या स्पर्धेत रिचर्ड्स उपांत्य फेरीत ली अँटोनोप्लिस या सतरा वर्षांच्या मुलीकडून हरल्या. प्रतिस्पर्धी निम्म्याहून कमी वयाची होती, ही बाब मात्र भयसूचक मथळ्यांत बसणारी नव्हती.

अमेरिकी टेनिस संघटनेने आता बार-पिंड चाचणीचा आधार घेतला. गालाच्या आतल्या बाजूस हलकेच खरवडून पेशी काढायच्या, त्या काचपट्टीवर पसरून रंगद्रव्याने रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीकेंद्राच्या कडेला गडद ठिपका दिसतो का ते पाहायचे, अशी ही पद्धत. दोन एक्स गुणसूत्रे असणाऱ्यांत त्यांपैकी एक निष्क्रिय होऊन आक्रसते आणि तोच हा ठिपका, म्हणजे बार-पिंड. ऑलिंपिकमध्ये गुणसूत्रांची तपासणी १९६८ पासून रूढ झाली होती. शस्त्रक्रिया आणि संप्रेरके शरीर बदलतात, गुणसूत्रे नव्हे. त्यामुळे या चाचणीची अट म्हणजे रिचर्ड्स यांच्यासाठी बंद दारच होते. त्यांनी चाचणीस नकार दिला, १९७६ ची अमेरिकन खुली स्पर्धा हुकली आणि प्रकरण न्यायालयात गेले.

खटला न्यूयॉर्क राज्याच्या ‘सुप्रीम कोर्टा’त चालला. नाव भारतीय वाचकाला फसवणारे आहे, कारण तिथे हे मूळ खटले चालवणारे न्यायालय असते, अंतिम अपिलाचे नव्हे. संघटनेचा युक्तिवाद मोठा बोलका होता : देशात दहा हजारांपर्यंत लिंगपरिवर्तित व्यक्ती आहेत, बक्षिसांची रक्कम लाखो डॉलरांची झाली आहे, आणि पोलादी पडद्याआडचे देश विजेते घडवण्यासाठी कोणतेही प्रयोग करू शकतात. एका नेत्रतज्ज्ञाच्या प्रवेश-अर्जात शीतयुद्ध असे येऊन बसले. रिचर्ड्स यांच्या बाजूने बिली जीन किंग यांनी प्रतिज्ञापत्र दिले, आणि त्याचे वजन मोठे होते, कारण स्त्रियांच्या टेनिसच्या हितासाठी किंग यांच्याइतके कोणी झगडले नव्हते. १६ ऑगस्ट १९७७ रोजी न्यायमूर्ती आल्फ्रेड असिओने यांनी रिचर्ड्स यांच्या बाजूने निर्णय दिला. केवळ या एका चाचणीवर त्यांना अपात्र ठरवणे राज्याच्या मानवी हक्क कायद्याखाली भेदभाव ठरते, असा त्याचा गाभा होता. चाचणी मुळातच बेकायदा आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. निकालाची ही मर्यादा त्याचा गौरव करणारे आणि त्यावर टीका करणारे, दोघेही सहसा विसरतात.

अवघ्या पंधरवड्यात अमेरिकन खुल्या स्पर्धेत, फॉरेस्ट हिल्सच्या मैदानावर, रिचर्ड्स त्या वर्षीच्या विम्बल्डन विजेत्या व्हर्जिनिया वेड यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि पहिल्याच फेरीत ६-१, ६-४ अशा हरल्या. दुहेरीत मात्र बेटी अॅन स्टुअर्ट यांच्यासह त्यांनी अंतिम फेरी गाठली. तेथे मार्टिना नवरातिलोवा आणि बेट्टी स्टोव्ह जिंकल्या. लिंगपरिवर्तित खेळाडूंचा महापूर येईल असे भाकीत करणाऱ्यांना दिसली ती त्रेचाळीस वर्षांची, डावखुरी आणि दमणारी खेळाडू. त्यानंतर कुजबूज आणि अधूनमधूनची माघार चालू राहिली, तरी पहिल्या पानावरची बातमी हळूहळू क्रीडापानावर गेली. १९७९ मध्ये एकेरीत विसावे स्थान ही त्यांची सर्वोच्च मजल.

येथे एक खोट आहे, आणि ती दाखवण्याचा प्रामाणिकपणा खुद्द रिचर्ड्स यांनीच पुढे दाखवला. पंचविशीच्या आत शस्त्रक्रिया करून आपण मैदानात आलो असतो, तर स्त्री-खेळाडूंना आपल्याशी बरोबरी करता आली नसती, असे त्यांनी उतारवयात सांगितले आणि स्वतःच्याच जुन्या भूमिकेबद्दल शंका व्यक्त केली. म्हणजे १९७७ च्या पराभवाने निष्पक्षतेचा प्रश्न निकालात काढला नव्हता. वयाने तो झाकला होता. वृत्तपत्रांना मात्र भीतीइतकेच समाधानही चटकन हवे होते, आणि दोन्ही वेळा त्यांनी एकाच व्यक्तीवरून सर्वांविषयीचा निष्कर्ष काढला.

रिचर्ड्स १९८१ मध्ये स्पर्धात्मक टेनिसमधून निवृत्त झाल्या, काही काळ नवरातिलोवा यांच्या प्रशिक्षक होत्या आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये पुन्हा डोळ्यांच्या शस्त्रक्रिया करू लागल्या. ज्या तऱ्हेच्या तपासणीने त्यांची वाट अडवली होती, ती सर्व स्त्री-खेळाडूंची सरसकट लिंगतपासणी ऑलिंपिक समितीने १९९९ मध्ये थांबवली.