लंडी कोतलचा सुभेदार

खैबर खिंडीचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. स्वाऱ्या करणारे तिथून आले, एवढे सांगितले की धडा संपतो. त्या खिंडीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आफ्रिदी आणि शिनवारी मात्र धड्यात येत नाहीत.

१८७९ च्या गंडमक तहाने खैबरचा ताबा इंग्रजांकडे गेला. पण डोंगरात गोरी पलटण ठेवणे महाग आणि धोक्याचेही होते. म्हणून सरकारने आफ्रिदींशीच करार केला. वाट त्यांनी राखायची आणि त्याबद्दल सरकारने तनखा द्यायचा. पहाऱ्यासाठी त्यांच्यातलेच जवान भरती केले. या दलाचे पहिले नाव खैबर जझाइलची. ‘जझाइल’ म्हणजे पठाणांची लांब नळीची बंदूक. पुढे दलाचे नाव खैबर रायफल्स झाले. सदोझाई घराण्यातले सरदार मुहम्मद अस्लम खान यांनी हे दल घडवले. त्यांच्या वर पोलिटिकल अधिकारी होता रॉबर्ट वॉरबर्टन. बाप इंग्रजी तोफखान्यातला, आई अफगाण राजघराण्यातली, आणि फारसी-पश्तो तोंडात घोळलेली. अठरा वर्षे त्याने तलवारीपेक्षा जिरग्यावर जास्त भर दिला आणि काफिले सुखरूप जात-येत राहिले.

खिंडीच्या तोंडाशी जमरूद, वाटेत अली मस्जिद आणि माथ्यावर, जमरूदपासून सुमारे वीस मैलांवर, लंडी कोतलचा किल्ला. या आतल्या ठाण्यांवर खैबर रायफल्सचा पहारा असे.

१८९३ च्या ड्युरंड रेषेनंतर सरहद्द आतून धुमसत होती. नवी ठाणी उभी राहत होती, मिठावरचा कर वाढला होता. २६ जुलै १८९७ ला मलाकंडवर हल्ला झाला आणि वणवा पसरला. मुल्ला सय्यद अकबरच्या पुकाराने आफ्रिदीही उठले. आता खैबरची पाळी, हे पेशावरच्या अधिकाऱ्यांना दिसत होते. वॉरबर्टन त्याच वर्षी निवृत्त झालेला. पेशावरला फौज होती, पण ती खिंडीत पाठवली नाही. उलट लंडी कोतलला असलेल्या कॅप्टन बार्टनलाच जमरूदला परत बोलावले. किल्ला मागे राहिला सुभेदार मुर्सिल खान आणि त्याच्या जवानांच्या हाती.

२३ ऑगस्टला अली मस्जिद पडले. मग लष्कर लंडी कोतलवर चालून आले. (सरहद्दीवर ‘लष्कर’ म्हणजे सरकारी फौज नव्हे, टोळ्यांचा हत्यारबंद जमाव.) बाहेर आफ्रिदी होते आणि आतही. एकच कलमा, एकच बोली. भिंतीपलीकडून हाक मारणारा कदाचित नात्यातलाही असेल. तरी आतल्यांनी गोळीबार केला आणि किल्ला दुसऱ्या दिवसापर्यंत लढवला. मुर्सिल खान लढताना मारला गेला. २५ तारखेला किल्ला पडला. आतूनच दरवाजा उघडला गेला, असे त्या काळचे वृत्तान्त सांगतात.

तो का लढला? इंग्रजांनी ‘निमकहलाल’ म्हणून शाबासकी दिली. टोळीच्या नजरेत तो काफिरांचा नोकर ठरला असणार. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. करार आफ्रिदींनीच केला होता, वाट राखायची जबान दिली होती. पठाणाला जबान म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. करार मोडला तो पेशावरहून: पहारेकऱ्यांना मदत देण्याऐवजी साहेबाला तेवढे उचलून नेले. हे वॉरबर्टनलाही फार लागले. १९०० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापलेल्या त्याच्या आठवणींत ही सल आहे.

यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, १२ सप्टेंबरला, समाना डोंगरावर सारागढी झाली. छत्तिसाव्या शीख पलटणीचे एकवीस जवान शेवटच्या माणसापर्यंत लढले. त्यांच्या शौर्याबद्दल दुमत असायचे कारण नाही. त्यांची स्मारके अमृतसर आणि फिरोजपूरला आहेत, २०१९ मध्ये त्यांच्यावर ‘केसरी’ हा हिंदी चित्रपटही आला. त्यांची आठवण जपायला पलटण होती, पंथ होता. मुर्सिल खानची आठवण कोणी ठेवायची? पाकिस्तानला तो इंग्रजांचा सुभेदार, हिंदुस्थानला कुणी एक आफ्रिदी, आणि पठाणांच्या गझवाच्या कहाण्यांत तर तो चुकीच्या भिंतीआड उभा. आणि आपण? मुसलमानाच्या वफादारीचा हिशेब मागणारे आपल्या आसपास कमी नाहीत, आणि जो हिशेब देतो त्याच्याकडे भुवई उंचावणारे आपल्या घरातही असतात. मुर्सिल खान मला त्या दोघांच्या मधे उभा दिसतो.

त्या हिवाळ्यात इंग्रजांनी तिराहमध्ये मोठी फौज घातली, आफ्रिदींची घरे जाळली, खैबर पुन्हा घेतला. खैबर रायफल्सही पुन्हा उभ्या राहिल्या. १९१९ च्या अफगाण युद्धात मात्र जवानांना विचारण्यात आले: राहता, की रजा घेता? बहुतेकांनी रजा घेतली आणि दल मोडले. सहा वर्षांनी, नोव्हेंबर १९२५ मध्ये, लंडी कोतलपर्यंत रेल्वे पोहोचली. दल पुन्हा उभे राहिले ते १९४६ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी पाकिस्तानच्या वाट्याला गेले.