बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंत : पक्षिनिरीक्षणाच्या साधनाचा इतिहास व नवशिक्यांची निवड

भारतातील आधुनिक पक्षिशास्त्राचा पाया बंदुकीने घातला. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्षिसंग्रह प्रामुख्याने मारलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांतून उभा राहिला. डॉ. सालिम अलीही बालपणी स्वतः मारलेली पीतकंठी चिमणी घेऊनच प्रथम या संस्थेत गेले. १८९४ मध्ये झाइस कंपनीने प्रिझमयुक्त दुर्बीण बाजारात आणली आणि पुढे दुर्बिणीने बंदुकीची जागा घेतली.

रानपिंगळ्याचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. १८८४ नंतर त्याची विश्वसनीय नोंद नव्हती. मायनर्ट्‌झहॅगन याने १९१४ चा म्हणून मांडलेला नमुना चोरीचा निघाला. १९९७ मध्ये शहाद्याजवळ आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यात हा पक्षी जिवंत आढळला. कातड्याने फसवले, निरीक्षणाने सत्य दाखवले.

तलासरी तालुक्यातील उधव्यासारख्या गावी पक्षी दाराशीच असतात. विद्यार्थ्याची अडचण असते ती दुर्बिणीच्या किमतीची. त्याने अधिक वर्धनाच्या मोहात पडू नये. ८×४२ दुर्बीण आठपट वर्धन करते व तिच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असतो. भागाकार ५.२५ येतो, म्हणून पहाटेच्या अंधुक प्रकाशातही प्रतिमा उजळ दिसते. १०×२५ मध्ये तो केवळ २.५ असतो, शिवाय हाताचा कंपही अधिक जाणवतो. अल्प किमतीत पोरो रचनेची दुर्बीण बहुधा सरस ठरते. दोन्ही डोळ्यांनी एकच प्रतिमा दिसते की नाही, हे पाहूनच ती घ्यावी. महाविद्यालयाने अशा दोन-तीन दुर्बिणी ग्रंथालयात ठेवल्यास हे शास्त्र मूठभरांपुरते राहणार नाही.