उघडून दाखवा!

बर्मिंगहॅम विद्यापीठात संगणक-सुरक्षा शिकवणारे टॉम चोथिया आणि त्यांचे सहकारी ख्रिस नोव्हाकोविच यांनी विद्यार्थ्यांच्या हाती एक अख्खा संगणकच ठेवला. तो एका फाइलमध्ये मावतो आणि आपल्या लॅपटॉपच्या आत व्हर्च्युअल मशीन म्हणून चालतो. त्यात कमकुवत जागा मुद्दाम पेरलेल्या असतात. एकेक जागा शोधून आत शिरलं, की अक्षर-आकड्यांची एक लांबलचक ओळ सापडते. तिला फ्लॅग म्हणतात. फ्लॅग जमा केला की गुण मिळतात. इंटरनेट नसलं तरी चालतं आणि दुसऱ्या कुणाच्या यंत्राला धक्काही लागत नाही. या पद्धतीवरचा त्यांचा निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठात एथिकल हॅकिंगचा छंद असलेल्यांचा ‘अफ्नॉम’ नावाचा क्लबही आहे. तिथेही अशीच कोडी सोडवली जातात.

या खेळाचा इतिहास सांगताना सहसा लास व्हेगासमधल्या डेफ कॉन संमेलनापासून सुरुवात होते. तिथे १९९६ पासून ‘कॅप्चर द फ्लॅग’ची स्पर्धा होते, त्यामुळे ते चूक नाही. पण आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती देऊन ‘फोडून दाखव’ म्हणण्याची रीत त्याहून दोनशे वर्षांनी जुनी आहे. तिचं एक मूळ बर्मिंगहॅमच्या शेजारी, वीसेक किलोमीटरवरच्या वुल्व्हरहॅम्प्टन आणि विलेनहॉलच्या कुलूपकारांपर्यंत जातं. दिवसभर वाइसवर वाकून कानस मारणाऱ्या या माणसांच्या पाठीला कायमचा बाक यायचा. ब्रिटनची कुलपं इथूनच जगभर जायची.

लंडनच्या पिकॅडिलीमध्ये जोसेफ ब्रामाह यांनी १७९० च्या सुमारास दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलं. जो ते उघडणारं हत्यार बनवेल त्याला २०० गिनी जागेवर मिळतील, असं आव्हान सोबत लिहिलेलं होतं. साठ वर्षं ते बक्षीस कुणालाही मिळालं नाही.

चब कुटुंबाची हकीकत मला अधिक ओढून घेते. १८१७ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत खोट्या किल्ल्या वापरून चोरी झाली. स्वतःच्या किल्लीखेरीज कशानेही न उघडणारं कुलूप बनवणाऱ्याला सरकारने १०० पौंडांचं बक्षीस लावलं. पुढच्या वर्षी जेरेमाया चब यांनी डिटेक्टर कुलपाचं पेटंट घेतलं. आत लिव्हरांची रांग असते आणि प्रत्येक लिव्हर नेमक्या उंचीवर आला तरच खटका सरकतो. गोदरेजचं नवताल घेताना दुकानदार सहा लिव्हरचं हवं की सात लिव्हरचं असं विचारतो, ते लिव्हर हेच. चब यांनी त्यात एक भर घातली. चोराच्या हातून एखादा लिव्हर गरजेपेक्षा जास्त उचलला गेला, की एक स्प्रिंग त्याला अडकवून ठेवायची. मग खरी किल्लीही लागायची नाही आणि कुणीतरी हात लावून गेल्याचं मालकाला कळायचं. पुढे सुधारलेल्या कुलपात खरी किल्ली आधी उलटी फिरवली की ते पुन्हा पूर्ववत व्हायचं.

त्या काळी पोर्ट्समथला जहाजांवर कैदी ठेवत. त्यांच्यातल्या एका कसबी कुलूपकाराला सांगण्यात आलं, की हे कुलूप उघडलंस तर शिक्षा माफ होईल, शिवाय चबकडून १०० पौंड मिळतील. दोन-तीन महिने झटून त्याने हात टेकले. या खेळात याहून मोठं बक्षीस लावल्याचं मी वाचलेलं नाही. चब मंडळींनी पुढे कारखाना वुल्व्हरहॅम्प्टनला नेला आणि त्यांचं कुलूप अभेद्य मानलं जाऊ लागलं.

मग १८५१ साल उजाडलं. लंडनला जागतिक प्रदर्शन भरलं. त्याच्या काचमहालाची काच बर्मिंगहॅमला खेटून असलेल्या स्मेदिकमधल्या चान्स ब्रदर्सने पुरवली होती. प्रदर्शनात आपल्या कंपनीची कुलपं मांडायला अल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपकार आला. २२ जुलै रोजी वेस्टमिन्स्टरमधल्या एका घरात, साक्षीदारांसमोर, त्याने तिजोरीच्या खोलीच्या दारावरचं चबचं डिटेक्टर कुलूप २५ मिनिटांत उघडलं आणि लगेच पुन्हा लावूनही दाखवलं.

त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. लिव्हर जास्त उचलला गेला की कुलूप अडकतं. म्हणजे ‘इथे तू प्रमाणाबाहेर गेलास’ हे कुलूपच सांगतं. हॉब्ज तेवढं ऐकून घ्यायचा, उलट्या दिशेने काम करून कुलूप मोकळं करायचा आणि नव्या माहितीनिशी पुढे सरकायचा. चोर पकडण्यासाठी बसवलेला भागच त्याचा मार्गदर्शक झाला. आज सरावाच्या यंत्रासमोर बसलेला नवशिक्या पहिल्या काही धड्यांत हेच शिकतो. ‘असं नाव नाही’ आणि ‘पासवर्ड चुकला’ असे दोन वेगळे संदेश देणारं लॉगिनचं पान, कोणती नावं खरी आहेत ते आपल्याच तोंडाने सांगून बसतं.

ब्रामाहचं कुलूप त्याहून चिवट निघालं. तिथे करार झाला, तीस दिवसांची मुदत ठरली, तीन पंच नेमले गेले आणि कुलूप लाकडात असं बसवलं गेलं की फक्त किल्लीचं भोक दिसावं. हॉब्जने सोळा दिवसांत मिळून ५१ तास काम केलं आणि ते उघडलं. ब्रामाह कंपनीने त्याच्या पद्धतीबद्दल तक्रार केली, तरी पंचांच्या निर्णयानंतर २०० गिनी दिल्या. कुठल्या वस्तूला हात लावायचा, किती दिवस आणि कुणाच्या देखरेखीखाली, हे सगळं आधी ठरलेलं होतं. आजही एखादी कंपनी आपली यंत्रणा तपासायला बाहेरच्या हॅकरला बोलावते तेव्हा याच गोष्टी कागदावर येतात. ही लेखी परवानगी मला त्या २०० गिनींपेक्षा मोलाची वाटते.

लंडनमध्ये खूप वादंग झालं. अशी विद्या चारचौघांत सांगावी का? चार्ल्स टॉमलिन्सन यांनी संपादित केलेल्या, कुलपांवरच्या १८५३ च्या पुस्तकात याचं सडेतोड उत्तर आहे. चोरांना हे आधीपासून ठाऊक असतं. अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा भला माणूस. मला हे उत्तर आजही पूर्णपणे पटतं.

संगणक आल्यावर या परंपरेतली एक कडी निसटली. कुलूप बाजारातून विकत आणून घरी फोडता येतं. दुसऱ्याचा सर्व्हर तसा घरी आणता येत नाही. १९८० च्या दशकात रॉबर्ट शिफ्रीन आणि स्टीव्ह गोल्ड हे ब्रिटनच्या प्रेस्टेल या संगणकीय माहितीसेवेत शिरले आणि थेट प्रिन्स फिलिप यांच्या टपालपेटीपर्यंत पोहोचले. त्यांच्यावर बनावटगिरीच्या कायद्याखाली खटला झाला. १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो कायदा इथे लागू होत नाही असा निर्णय दिला आणि त्यानंतर १९९० चा कॉम्प्युटर मिस्यूज ॲक्ट आला. तेव्हापासून परवानगीशिवाय आत शिरणं हाच गुन्हा ठरतो, हेतू शिकण्याचा असला तरी. भारतातही २००० च्या आयटी कायद्यातली ४३ आणि ६६ ही कलमं आहेत. शिकणाऱ्याला जागा हवी होती. तालमीत जोडीदार स्वतःहून मातीत उतरतो म्हणून डाव टाकता येतो. सरावाच्या यंत्रांनी ती माती दिली.

दोष चारचौघांत सांगावेत का, हे जुनं भांडण बर्मिंगहॅममध्ये नव्याने पेटलं ते २०१३ मध्ये. विद्यापीठातले फ्लाव्हिओ गार्सिया आणि नेदरलँड्समधले त्यांचे दोन सहकारी यांनी मोटारीच्या किल्लीतली मेगामॉस क्रिप्टो ही चिप अभ्यासली. तिच्यातले दोष त्यांनी चिप बनवणाऱ्यांना आधीच कळवले होते. तरी आपल्या गाड्यांत ती चिप वापरणारी फोक्सवॅगन लंडनच्या उच्च न्यायालयात गेली आणि निबंध छापायला मनाई मिळवली. तो छापून आला २०१५ मध्ये, एक वाक्य गाळून. हॉब्जला न्यायालयाची पायरी चढावी लागली नव्हती. इथे दोन वर्षं मोटारमालकांपासून सत्य लांब राहिलं, आणि त्या काळात त्यांचं काही भलं झालं असं मला वाटत नाही. २०१६ मध्ये गार्सिया, डेव्हिड ओस्वाल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की फोक्सवॅगन समूहाच्या १९९५ पासूनच्या कोट्यवधी गाड्यांच्या रिमोट कुलपांची मदार मूठभर सामाईक गुप्त किल्ल्यांवर आहे. त्या किल्ल्या मात्र त्यांनी जाहीर केल्या नाहीत.

चोथिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये आपल्या अभ्यासक्रमाची अकरा आठवड्यांची एक गोष्टच करून टाकली. दर आठवड्याची कोडी त्या गोष्टीत गुंफलेली असतात आणि वाटेत निर्णय विद्यार्थ्याने घ्यायचा असतो. सापडलेल्या माहितीचं काय करायचं, कुणाला सांगायचं, यावर शेवट बदलतो. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच तीन शेवट दिलेले आहेत: तुरुंग, नायकपद किंवा अमली पदार्थांच्या धंद्याचं म्होरकेपण.