खुलताबादेत आणखी कोण कोण आहे?

मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाची कबर उखडून टाकण्याची मागणी जोरात होती, त्या दिवसांतली गोष्ट. गोडदेव नाक्यावर भाईंदर स्टेशनला जाणाऱ्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभा होतो. पुढे आमच्याच इमारतीतले, कोल्हापूरकडचे एक काका होते. मागे वळून हसत म्हणाले, "काय मुलाणी, तुमच्या औरंगजेबाचं काय करायचं आता?" काका मनाने चांगले आहेत. ईदेला शीरखुर्म्याचा डबा हक्काने मागून नेतात. त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरोखरच वाटत होतं की औरंगजेब हा माझ्या बाजूचा माणूस आहे. रिक्षा आली, विषय तिथेच राहिला. 'तुमच्या' या शब्दाने मात्र पुढे कित्येक दिवस माझी पाठ सोडली नाही.

आमचं घराणं सातारा जिल्ह्यातलं. मुलाणी हे आडनाव गावगाड्यातून आलेलं; बारा बलुतेदारांत मुलाणा असायचाच. आजोबांपर्यंत गावच्या जत्रेत बकरं कापण्याचा मान आमच्या घराकडे होता. औरंगजेबाने १७०० साली साताऱ्याचा किल्ला घेतला, तेव्हा मोगली फौजेने आसपासचं रान तुडवलं असणार, आणि त्या रानात मुलाण्याच्या तुकड्याला वेगळं कुंपण नव्हतं.

असा प्रश्न आला की आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर असतं. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, दर्यासारंग होता, चिटणिशीत काझी हैदर होता, वगैरे. ही यादी मी शाळेपासून पाठ म्हणत आलोय. यादी खरी आहे. पण ती म्हणताना पोलीस ठाण्यात जामीनदारांची नावं दिल्यासारखं वाटतं. शिवाय त्या यादीत एक गोष्ट आपण आधीच कबूल करून बसतो. मुसलमानाची मूळ जागा औरंगजेबाच्या छावणीत, आणि हे चार-पाच जण तेवढे अपवाद.

वाद जरा निवल्यावर, ऑक्टोबरात, खुलताबादला जाऊन आलो. लहानपणी अब्बांबरोबर जर जरी जर बक्ष यांच्या उरुसाला गेलो होतो, त्यातला फक्त हलवा-पराठा आठवत होता. दादरला रात्री देवगिरी एक्स्प्रेस धरली आणि पहाटे छत्रपती संभाजीनगरला उतरलो. तिथून खुलताबादला जाणाऱ्या गाड्या दौलताबादवरून जातात, म्हणून आधी किल्ल्यापाशी उतरलो.

दौलताबादच्या किल्ल्यात चांद मिनार, मेंढातोफ, अंधारी हे सगळे बघतात. वर जाताना चिनी महाल लागतो, तिथे फारसं कुणी थांबत नाही. भिंतींवर निळ्या चिनी मातीच्या फरश्यांचे तुकडे अजून उरलेत, म्हणून हे नाव. याच महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशाह, म्हणजे तानाशाह, औरंगजेबाच्या कैदेत जवळजवळ बारा वर्षं होता.

या तानाशाहाची आठवण महाराष्ट्राने खरं तर ठेवायला हवी. १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा ते आधी भागानगरला, म्हणजे हैदराबादला गेले. तानाशाहाने त्यांचं मोठ्या इतमामाने स्वागत केलं, करार केला, मोहिमेसाठी पैसा आणि तोफखाना दिला. त्याचे प्रधान मादण्णा आणि आकण्णा हे ब्राह्मण. मोगलांविरुद्ध दख्खनने एक व्हावं, हा त्या भेटीमागचा विचार होता. औरंगजेबाला तानाशाहावर चालून जायला जी कारणं मिळाली, त्यांत मराठ्यांना मदत आणि ब्राह्मण प्रधान ही दोन ठळक होती. १६८६ मध्ये विजापूर पडलं, १६८७ मध्ये गोवळकोंडा. गोवळकोंडा लढून पडलाच नाही. आठ महिने वेढा चालला आणि शेवटी फितुरीने दरवाजा उघडला गेला. त्या रात्री अब्दुल रज्जाक लारी हा एकटा सरदार जखमांनी चाळण होईपर्यंत लढला.

या मोहिमेच्या वेळी औरंगजेबाच्या स्वतःच्या काझीने, शेख-उल-इस्लामने, मुसलमान सुलतानांवर चालून जाणं शरियतला धरून नाही असं सांगितलं. बादशहाने ऐकलं नाही. काझीने पद सोडलं आणि हजची वाट धरली. औरंगजेबाचं राज्य म्हणजे इस्लामचं राज्य, असं दोन्हीकडचे लोक सांगतात. त्यांनी या काझीचं काय करायचं ते ठरवावं.

तानाशाह सुटला नाही. कैदेतच वारला आणि त्याला खुलताबादलाच दफन केलं. आज ज्या गावाचं नाव टीव्हीवर घेतलं की एकच कबर दाखवतात, त्याच गावात शिवाजी महाराजांना मांडीला मांडी लावून बसवणारा, आणि पुढे औरंगजेबानेच संपवलेला सुलतानही मातीत आहे. त्याच्या कबरीची बातमी झालेली माझ्या पाहण्यात नाही.

दौलताबादचा घाट चढला की खुलताबाद. जुनी माणसं अजून रौजाच म्हणतात. खुलताबाद हे नाव औरंगजेबाच्या 'खुल्द-मकान' या मरणोत्तर किताबावरून पडलं. आता ते बदलून रत्नपूर करा अशी मागणी आहे. रौजा त्याच्या किती तरी आधीचा. निजामुद्दीन औलियांचे मुरीद चौदाव्या शतकात दख्खनेत आले आणि या टेकडीवर विसावले. मुंतजबुद्दीन, ज्यांना आपण जर जरी जर बक्ष म्हणतो, त्यांचे भाऊ बुऱ्हानुद्दीन गरीब, मग जैनुद्दीन शिराजी. कवी अमीर हसन सिजजी इथेच आहेत. निजामाच्या घराण्याचा मूळ पुरुष आसफजाह बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या पायाशी आहे. गावातच भद्रा मारुतीचं मंदिर आहे, झोपलेल्या हनुमंताचं. हनुमान जयंतीला शहरातून लोक रातोरात चालत येतात, तेव्हा त्यांची आणि दर्गाहच्या गल्लीची वाट जवळजवळ एकच होते.

औरंगजेबाची कबर जैनुद्दीन शिराजींच्या दर्गाहच्या आवारात, एका कोपऱ्यात आहे. दारावर पोलीस होते, नोंदवहीत नाव-गाव लिहून आत सोडत होते. आत गेल्यावर पहिलं मनात आलं ते हेच, की एवढीशी? वर छत नाही, कबरीवर माती आणि सब्जाचं रोप. भोवतीचं संगमरवरी काम फार नंतरचं, लॉर्ड कर्झनच्या सांगण्यावरून निजामाने करवलेलं. टोप्या शिवून मिळवलेल्या पैशातच कफन-दफन करा असं बादशहा सांगून गेला, ही गोष्ट खादिम प्रत्येकाला ऐकवतात. मलाही ऐकवली.

मला त्या साधेपणाचं कौतुक वाटलं नाही. स्वतःसाठी साधी कबर मागणाऱ्या या माणसाने भावाला, दाराला, मारलं. सरमदला मारलं. गुरू तेगबहादुरांना मारलं. जिझिया पुन्हा लादला. ११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांना हालहाल करून मारलं, त्या हालांना साधेपणाचं कुठलंही पांघरूण पुरत नाही. मी फातेहा पढलो तो जैनुद्दीन शिराजींच्या मजारीवर. पण कबर उखडा म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. पंचवीस वर्षं दख्खन जिंकायला धडपडून, दिल्लीचं तोंड पुन्हा न बघता १७०७ मध्ये नगरजवळ मेलेल्या बादशहाची ती कबर आहे. त्याचा पराभव बघायचा असेल तर तो इथेच दिसतो. आणि या मागणीपायी नागपुरात १७ मार्चला दंगल झाली, त्यात माणूस गेला.

बाहेर येऊन मलिक अंबरचा मकबरा विचारला. रिक्षावाला म्हणाला, "उधर कोई नहीं जाता, भाई. वापसी की सवारी नहीं मिलेगी." मग त्याला थांबायचे वेगळे पैसे ठरवले.

मकबरा गावाच्या कडेला, शेतांच्या बाजूला आहे. काळ्या दगडाचा, एका घुमटाचा, भिंतींत कमानींची रांग. थोड्या अंतरावर बायकोचा, बीबी करीमांचा, लहान मकबरा. आत गेलो तर कबुतरं आणि मी. दारावर पोलीस नव्हता, नोंदवही नव्हती.

या माणसाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या मुलांना तो एका ओळीत शिकवतात. जन्म हबशाणात, साधारण १५४८ मधला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादकडे हातोहात फिरला आणि शेवटी निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने विकत घेतला. चंगीजखान स्वतः हबशी. मालक मेल्यावर अंबर मोकळा झाला आणि भाडोत्री शिपाई म्हणून सुरुवात केली. १६०० साली अकबराच्या फौजेने अहमदनगर घेतलं, चांदबीबी मारली गेली, निजामशाही संपली असं सगळ्यांनी धरलं. अंबरने परांड्याला एका शहजाद्याला गादीवर बसवलं आणि पुढची पंचवीस वर्षं मोगलांना दख्खनेत पाय रोवू दिला नाही.

त्याचं बळ मराठे घोडेस्वार. मोठ्या फौजेला समोरून भिडायचं नाही, रसद तोडायची, रात्री छापा घालायचा. मोगल या स्वारांना बर्गी म्हणत आणि वैतागत. गनिमी काव्याचं सगळं श्रेय अंबरला द्यावं असं मी म्हणणार नाही, डोंगरातल्या माणसाला ते कुणी शिकवावं लागत नाही. पण मोगलांविरुद्ध त्याचा एवढा मोठा प्रयोग अंबरने केला, आणि त्या फौजेत शहाजीराजे होते, हे खरं. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाह दोघांच्या फौजा एकत्र अंगावर आल्या. अंबरने तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि त्यांना धुऊन काढलं. शहाजीराजांचे सख्खे भाऊ शरीफजी त्या लढाईत कामी आले. कवींद्र परमानंदांनी 'शिवभारता'त ही लढाई वर्णिली आहे, आणि त्यांनी अंबरबद्दल आदरानेच लिहिलंय.

जहांगीरचा त्याच्यावर इतका राग होता की त्याने अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं: बादशहा पृथ्वीगोलावर उभा आहे आणि भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. ते चित्र आज डब्लिनला आहे. प्रत्यक्षात अंबर जहांगीरच्या हाती कधीच लागला नाही. १६२६ मध्ये म्हातारा होऊन, अंथरुणावर मेला. मेल्यावर त्याच बादशहाच्या दरबारातल्या मुतमद खानाने, युद्धात आणि कारभारात त्याला जोड नव्हती, अशा अर्थाचं लिहून ठेवलं.

शेतसाऱ्याची मलिकअंबरी पद्धत जुन्या मराठी कागदांत नावानिशी येते. मक्तेदारांची मधली फळी काढून, जमिनीची प्रत बघून सारा ठरवायचा आणि गावाशी थेट हिशेब ठेवायचा, हे तिचं सूत्र.

अंबरला संत करायचं कारण नाही. ज्याला गादीवर बसवलं तोच सुलतान जड होऊ लागला, तेव्हा अंबरने त्याचा काटा काढला असं इतिहासकार सांगतात. लखुजी जाधवराव त्याला सोडून मोगलांकडे गेले. सत्तेचा माणूस होता. आणि वारसाचं म्हणाल, तर त्याच्या मुलाने, फत्तेखानाने, १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला. त्यानंतर निजामशाही खांद्यावर घेतली ती शहाजीराजांनी. निजामशाही घराण्यातलं पोर मांडीवर घेऊन ते पेमगिरीहून कारभार हाकू लागले, आणि १६३६ मध्ये माहुलीच्या किल्ल्यावर नाइलाजाने थांबले. माहुली आपल्या ठाणे जिल्ह्यातली. आसनगाव स्टेशनवरून तिचे सुळके दिसतात. हबशाच्या पोटच्या पोराने सोडलेलं मुसलमान राज्य एका भोसल्याने आणखी तीन वर्षं लढवलं, आणि ते बुडवायला आलेला बादशहा शाहजहान. यात 'तुमचे' कोण आणि 'आमचे' कोण, हे मला त्या मकबऱ्याच्या पायरीवर बसून काही मांडता आलं नाही.

दुपारनंतर वेरूळला गेलो. घृष्णेश्वराजवळ मालोजीराजांच्या गढीचे अवशेष आहेत. अंबरच्या मकबऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आसपास अंतर. मुलांसाठी मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिरांना नवस केला, म्हणून थोरल्याचं नाव शहाजी आणि धाकट्याचं शरीफजी, असं परंपरा सांगते. मंदिराकडे गाड्यांची रांग होती. गढीपाशी तिघे-चौघेच होतो.

परतीची गाडी रात्रीची होती, वेळ होता. शहरात नहर-ए-अंबरीची चौकशी केली. १६१० मध्ये अंबरने खडकी वसवली, आणि त्यानंतर काही वर्षांत डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांनी गावात आणलं. ती खडकी मुलाने फतेहनगर केली, औरंगजेबाने औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. नावाच्या भांडणात दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले. वसवणाऱ्याचं नाव कुणाच्याच फलकावर मी वाचलं नाही. एका चहावाल्याने मात्र नहरीचं नाव काढताच हात धुऊन बाहेर येत सांगितलं की त्याच्या लहानपणी त्यांच्या हौदात तेच पाणी यायचं, आणि उन्हाळ्यात सगळी गल्ली तिथे भरायची.

आता नगरला जायचंय. भातवडीला शरीफजींची समाधी आहे, आणि शाह शरीफ पिरांचा दर्गाह नगरातच. सकाळी लवकर निघालं तर एका दिवसात दोन्ही होतं म्हणतात.