शरणपूर ते राबाई



नाशिकला जाणाऱ्या माणसाला शरणपूर रस्ता माहीत नाही असे सहसा होत नाही. या रस्त्यावरून हजारो माणसे रोज जातात, पण हे नाव कुठून आले, कोण कुणाला शरण आले, असा प्रश्न क्वचितच कुणाला पडतो. मलाही तो पुष्कळ वर्षे पडला नव्हता. पुढे एका जुन्या पुस्तकात 'नाशिकची मुले' असे शब्द दिसले. पुढे वाचले तर ही मुले गोदाकाठची नव्हती, आफ्रिकेची होती. तेथून जो धागा हाती लागला, तो समुद्रापलीकडे मोंबासाजवळच्या राबाई नावाच्या खेड्यात जाऊन पोहोचला. आज सांगणार आहे ती त्या धाग्याची हकीगत.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसांचा व्यापार चाले. आतल्या मुलखातली गावे लुटायची, धरलेली माणसे किनाऱ्यापर्यंत चालवत आणायची आणि गलबतांत कोंबून झांजीबारला, तेथून अरबस्तानला व इराणी आखाताकडे न्यायची, अशी ती रीत होती. इंग्रजी आरमाराची जहाजे यांतली काही गलबते पकडत. सुटका झालेल्या माणसांचे पुढे काय करायचे? परत त्याच किनाऱ्यावर सोडली तर ती पुन्हा धरली जाणार. म्हणून त्यांतली बरीच मुंबईला उतरवली जात. मोठी माणसे गोदीत, आगबोटींवर, घरकामाला लागत. मुलांपैकी काहींना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकला नेले. तेथे विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने ख्रिस्ती वस्ती वसवली होती. तिचे नाव शरणपूर, म्हणजे आश्रयाचे गाव. या वस्तीत आफ्रिकन मुलांसाठी आश्रम निघाला. तेथे त्यांना लिहावाचायला शिकवले आणि त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हातचे कसबही दिले.

या मुलांची पहिली कीर्ती झाली ती डेव्हिड लिव्हिंग्स्टनमुळे. १८६५ साली तो मुंबईस आला, तेव्हा आफ्रिकेच्या सफरीसाठी त्याने नाशिकची नऊ मुले बरोबर घेतली. पुढे १८७२ साली त्याच्या मदतीला जी तुकडी गेली, तीतही नाशिकची मुले होती. जेकब वेनराइट हा त्यांपैकीच. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन चितांबोच्या गावी वारला. त्याचे काळीज झाडाखाली पुरले, तेव्हा प्रार्थना वाचली ती वेनराइटने. मग सूसी आणि चुमा यांच्या पुढारीपणाखाली ते शव सुमारे हजार मैल खांद्यावरून किनाऱ्यावर आणले गेले. यांतला सूसी काही काळ मुंबईच्या गोदीतला कामगार होता, हे मी येथे मुद्दाम सांगतो. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, त्या वेळी शवपेटी धरणाऱ्यांत वेनराइट होता.

ही कथा जगाने ऐकली, कारण तिच्यात एक मोठा साहेब होता. परंतु नाशिकच्या मुलांचे खरे काम दुसरीकडेच चालू होते. त्या कामात कुणी मोठा माणूस मेला नाही, म्हणून त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली नाही.

मोंबासाच्या आतल्या बाजूस, टेकड्यांवर, राबाई हे गाव आहे. योहान क्राफ नावाचा जर्मन मिशनरी १८४४ साली मोंबासास आला. काही महिन्यांतच त्याची बायको आणि नवजात मुलगी दोघी तापाने गेल्या. १८४६ साली योहान्नेस रेबमान येऊन मिळाला आणि दोघांनी राबाईला ठाणे दिले. रेबमानने १८४८ साली किलिमांजारोचे बर्फ पाहिले आणि भूगोलाच्या पुस्तकांत त्याचे नाव गेले. पण ज्या कामासाठी तो आला होता, ते काम मात्र पुढे सरकत नव्हते. पहिला बाप्तिस्मा झाला तो मृंगे नावाच्या एका अपंग माणसाचा, आणि तोही मरणाच्या दारात. रेबमान एकोणतीस वर्षे तेथे राहिला, कोश रचीत बसला, त्याची दृष्टी गेली, आणि मंडळी म्हणावी तर बोटांवर मोजण्याइतकी. माणूस प्रामाणिक होता, कष्टाळू होता. पण गावाला तो पाहुणाच राहिला.

१८६४ साली त्याच्या मदतीला तिघे जण पाठवले गेले : जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर. तिघेही नाशिकचे. तिघेही लहानपणी विकले गेलेले. त्यांची नावेसुद्धा त्यांची स्वतःची नव्हती, ती दुसऱ्यांनी ठेवली होती. आपल्या खंडात ते परतले, पण आपल्या गावी नव्हे. जोन्स हा मूळचा याओ जमातीचा, म्हणजे शेकडो मैल दक्षिणेचा. राबाईच्या लोकांना हे तिघे परकेच वाटले. अंगात कोट, तोंडात इंग्रजी. त्यांना लोक 'बाँबे आफ्रिकन' म्हणत. आणि खरे सांगायचे तर या लोकांतही थोडा ताठा होता. शिकलेल्या कामगाराला मुकादमी मिळाली की तो कालच्या सोबत्यांपासून दोन हात दूर राहू लागतो, हे आपण कारखान्यात पाहतो. तेथेही ते झाले.

तरीपण एक गोष्ट त्यांनी केली, जी साहेबाला जमली नव्हती. ते गावोगाव चालत गेले. जॉर्ज डेव्हिड गिर्यामा लोकांच्या मुलखात जाई, तेथे मूठभर माणसे श्रद्धेने जमत, त्यांच्यात तो राही आणि परत येई. पुनःपुन्हा जाई. संबंध जुळतात ते असे. एकदा येऊन भाषण देऊन गेलेल्या पुढाऱ्याला गाव विसरते. दर महिन्याला येऊन ओसरीवर बसणाऱ्याला गाव आपला म्हणते.

१८७३ साली सर बार्टल फ्रिअर, जो पूर्वी आपल्या मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता, तो गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या कामी झांजीबारला गेला. त्या वर्षी जूनमध्ये झांजीबारच्या सुलतानाने करारावर सही केली आणि गुलामांचा बाजार बंद झाला. सुटलेल्या माणसांसाठी आता आफ्रिकेतच वस्ती हवी होती. नाशिकचा प्राइस तेथे गेला आणि मोंबासासमोर १८७५ साली 'फ्रिअर टाऊन' उभे राहिले. नाशिक-मुंबईकडचे सुमारे दीडशे आफ्रिकन तेथे नेण्यात आले. शाळा, सुतारशाळा, शेती चालवली ती त्यांनी. गुलाम धरणारे आले तर लोकांना सावध करण्यासाठी तेथे एक घंटा बांधली. ती घंटा आजही उभी आहे, आणि त्या भागाला लोक 'केंगेलेनी', म्हणजे घंटेपाशी, असे म्हणतात.

पण वस्ती मुक्त माणसांची असली तरी कारभार मालकाच्याच थाटाचा राहिला. १८८१ च्या सुमारास तेथल्या गोऱ्या अधीक्षकाने वस्तीतल्या माणसांना फटके मारल्याचे प्रकरण इतके वाढले की चौकशी झाली आणि प्राइसला परत धाडावे लागले. गुलामीतून सोडवलेल्या माणसाच्या पाठीवर सोडवणाऱ्याचाच चाबूक! दयेने चालवलेल्या संस्थेतही हिशेब विचारणारे कुणी नसले की काय होते, त्याचा हा दाखला आहे.

१८८५ साली बिशप हॅनिंग्टन याने जोन्स आणि सेमलर यांना डीकनची दीक्षा दिली. एकवीस वर्षे काम केल्यावर! जॉर्ज डेव्हिड तोवर वारला होता. त्याच वर्षी हॅनिंग्टन सुमारे दोनशे हमालांचा तांडा घेऊन युगांडाच्या वाटेला लागला. जोन्स त्याच्या सोबत होता. वाटेत जोन्सला मोठ्या तांड्यासह मागे ठेवून बिशप पन्नासएक माणसांनिशी पुढे गेला. पूर्वेकडून येणाऱ्या गोऱ्यांचे भय धरलेल्या म्वांगा राजाच्या हुकमाने ऑक्टोबरअखेर बुसोगात त्याला व बहुतेक सर्व माणसांना ठार करण्यात आले. जोन्स वाट पाहत राहिला. बातमी आली, तेव्हा उरलेला तांडा त्याने महिनोन्महिने चालवत १८८६ च्या फेब्रुवारीत राबाईला सुखरूप आणला. बिशपचे चरित्र निघाले, त्याची आठवण पाळली जाते. जे हमाल त्याच्याबरोबर मेले, त्यांच्या नावांची यादी कुणाला पाठ नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. झांजीबारचा बाजार बंद झाला होता, पण किनाऱ्यावरच्या मळ्यांत गुलामी कायदेशीरच होती. मळ्यांतून माणसे पळत आणि डोंगरांकडे येत. फुलादोयो येथे अशा पळून आलेल्यांनी आपली वस्ती केली. तिचा पुढारी डेव्हिड कोई. १८८३ साली मालकांच्या माणसांनी त्याला धरून मारले. उरलेल्यांपैकी बरेच राबाईकडे वळले. मिशनने मालकांना शब्द दिला होता की पळालेल्यांना थारा देणार नाही. हा शब्द मोडला तर मालक वस्तीवर चालून येणार, हे भयही खोटे नव्हते.

राबाईचा कारभार जोन्सच्या हाती होता. रात्री दारात उभ्या राहिलेल्या माणसाला त्याने काय विचारले असेल? 'तू कुणाचा?' हा प्रश्न त्याच्या स्वतःच्या लहानपणी त्याच्याविषयी विचारला गेला होता. माणसे आली, ती राहिली. त्यांनी झोपड्या बांधल्या, मका लावला, रविवारी मंडळीत येऊन बसली. १८८८ साली सरकारी वकिलात आणि नवी ब्रिटिश कंपनी यांनी चौकशी केली, तेव्हा निरनिराळ्या मिशनांच्या वस्त्यांत मिळून सुमारे चौदाशे पळालेले गुलाम निघाले. त्यांत एकट्या राबाईत नऊशेंवर होते. दुसऱ्या वर्षी जानेवारीत कंपनीने मालकांना पैसे मोजले आणि या लोकांना मुक्ततेचे कागद मिळाले. पैसे मिळाले ते मालकांना. ज्यांनी जन्मभर फुकट राबून मळे उभे केले, त्यांच्या मजुरीचा हिशेब त्या व्यवहारात नव्हता. त्या किनाऱ्यावर गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली गेली ती थेट १९०७ साली.

क्राफ आणि रेबमान यांना जी मंडळी जमवता आली नाही, ती अशी जमली. उपदेश तोच होता, पुस्तक तेच होते. फरक एवढाच की या वेळी दार उघडणारा माणूस स्वतः कधीकाळी दाराबाहेर उभा राहिलेला होता. त्यांच्या धर्माशी आपल्यापैकी पुष्कळांचा संबंध नाही, माझाही नाही. पण दार उघडण्याचा प्रश्न कुणाही संस्थेला चुकत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. कामावरून काढलेला एक बदली कामगार रात्री आमच्या युनियनच्या कचेरीत आला होता. त्याची वर्गणी थकलेली होती. नियमाप्रमाणे मी त्याला सांगितले, 'उद्या ये, पावती घेऊन ये.' तो परत आला नाही. गावी गेला, की आणखी कुठे गेला, मला कधी कळले नाही. नियम माझ्या बाजूचा होता. जोन्सची हकीगत वाचताना मला तो माणूस आठवला.

मंडळी असो की युनियन, तिची सभासदसंख्या वहीत असते, पण तिचे बळ वहीत नसते. ते असते रात्री दार वाजले तर काय होते त्यात. पुढच्या वेळी नाशिकला गेलात आणि शरणपूर रस्त्याने चाललात, तर क्षणभर थांबा. येथून काही पोरकी मुले ते नाव बरोबर घेऊन गेली. आणि त्यांतल्या एकाने समुद्रापलीकडे, मनाईचा हुकूम असताना, त्या नावाचा अर्थ खरा करून दाखवला.