रक्ताची साक्ष

साक्षीदार खोटें बोलतो, कागद बनावट निघतो, आणि भेदरलेला मनुष्य कधीं कधीं न केलेल्या गुन्ह्याचीही कबुली देतो, हा न्यायालयांचा जुना अनुभव आहे. म्हणून लांच न घेणारा व जबानी न फिरविणारा साक्षीदार मिळावा, ही न्यायप्रेमी माणसांची इच्छा पूर्वापार चालत आली. असा साक्षीदार मनुष्याच्या रक्तांतच आहे, हें गेल्या शतकाच्या अखेरीस उघड झालें. त्यानें फौजदारी कामांत दिलेल्या पहिल्या साक्षीची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

इंग्लंडांतील लेस्टर विद्यापीठांत आलेक जेफ्रीज हे आनुवंशिकतेचा अभ्यास करीत होते. पेशींतील डी. एन. ए. मध्यें कांहीं तुकडे पुन्हां पुन्हां आलेले असतात, आणि त्या आवृत्तींची संख्या माणसामाणसांत भिन्न असते. १० सप्टेंबर १९८४ रोजीं क्ष-किरणांच्या फिल्मवर उमटलेल्या काळ्या रेघा पाहतांना त्यांच्या ध्यानांत आलें कीं, या रेघांच्या मांडणीवरून माणूस ओळखतां येईल. एकरूप जुळ्यांचा मात्र यास अपवाद.

लेस्टरजवळच्या नारबरो गांवीं नोव्हेंबर १९८३ मध्यें पंधरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला होता. जुलै १९८६ मध्यें शेजारच्या एंडरबी गांवीं तसाच प्रकार घडला. पोलिसांनीं सतरा वर्षांच्या एका मुलास पकडलें. त्यानें दुसऱ्या खुनाची कबुली दिली; पहिला तो नाकारीत राहिला. दोन्ही खून त्याचेच असावेत, या समजुतीनें नमुने जेफ्रीज यांजकडे गेले. उत्तर उलटें आलें: दोन्ही कृत्यें एकाच पुरुषाचीं खरीं, परंतु तो पुरुष हा मुलगा नव्हे! कबुली देऊन बसलेला तो मुलगा सुटला. फौजदारी न्यायांत या शास्त्राच्या हातून प्रथम घडलें तें निरपराध्याच्या मुक्ततेचें कार्य होय.

मग १९८७ मध्यें पोलिसांनीं त्या टापूंतील सुमारें पांच हजार पुरुषांचे नमुने घेतले. तरी अपराधी सांपडेना. पाव भाजण्याचें काम करणाऱ्या कॉलिन पिचफोर्क यानें आपल्या ऐवजीं एका सोबत्यास पाठविलें होतें. रक्त खरें होतें, नांव खोटें होतें. मद्यगृहांतील गप्पांत सोबत्याच्या तोंडून ही गोष्ट निसटली. ती ऐकणाऱ्या एका स्त्रीनें पुढें पोलिसांस कळविली. १९ सप्टेंबर १९८७ रोजीं पिचफोर्क पकडला गेला, त्याचें रक्त जुळलें, आणि जानेवारी १९८८ मध्यें त्यास जन्मठेप झाली.

या कथेंत प्रयोगशाळेइतकाच त्या स्त्रीच्या सद्‌बुद्धीचा वांटा आहे. रक्त जबानी फिरवीत नाहीं; परंतु तें कोणाचें, कोणीं घेतलें आणि कसें जपलें, हें सांगणारा शेवटीं मनुष्यच असतो. पोलिसांपुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा मानूं नये, असें आपल्याकडील १८७२ च्या साक्षीच्या कायद्यानें ठरविलें होतें, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेंही तो नियम राखला आहे. कबुलीविषयीं दाखविलेली ही सावधगिरी रक्ताच्या बाटलीविषयींही दाखविली पाहिजे. प्रयोगशाळेचा कागद समोर येतांच जो न्यायाधीश प्रश्न विचारण्याचें सोडील, तो लेस्टरच्या त्या मुलाची मुक्तता विसरला, असें आम्हांस म्हणावें लागेल.