हेडलॅम्प घेताना काय बघायचं? डब्यावरचा आकडा की आतला सेल

रब्बीच्या पिकाला पाणी द्यायचे दिवस आले की परभणी जिल्ह्यातली कितीतरी शिवारं रात्री जागी असतात. शेतीपंपाची लाइट आळीपाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की ज्वारी असो, हरभरा असो की ऊस, माणसाला उठून जावंच लागतं. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. पण ज्यांच्या फीडरवर अजून रात्रीचीच पाळी आहे, त्यांच्या एका हातात फावडं आणि दुसऱ्या हातात मोबाईलचा टॉर्च, हे चित्र काही बदललेलं नाही. वाकून दारं धरायचं म्हटलं की मोबाईल दातात नाहीतर खिशात, आणि नेमकं त्याच वेळी पायाखाली अंधार.

डोक्यावर बांधायचा चार्जिंगचा टॉर्च, म्हणजे हेडलॅम्प, या कामासाठीच आहे. दोन्ही हात मोकळे राहतात आणि मान वळेल तिकडे उजेड वळतो. आता तो स्टेशन रोडच्या दुकानातही मिळतो आणि ऑनलाइनही. दोनशे-तीनशे रुपयांपासून तीन-चार हजारांपर्यंत. पंचाईत ही की स्वस्त डब्यावरचे आकडे महागापेक्षा मोठे असतात. म्हणून आधी आकड्यांचाच हिशेब करू.

(एक खुलासा. आपल्याकडे टॉर्चलाही ‘बॅटरी’ म्हणतात आणि आतल्या सेललाही. घोळ नको म्हणून इथे वस्तूला हेडलॅम्प आणि आतल्या भागाला सेल म्हटलं आहे.)

वजाबाकी दुकानातच करा

उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. चार्जिंगच्या बहुतेक हेडलॅम्पमध्ये १८६५० नावाचा लिथियम सेल असतो. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून हे नाव. चांगल्या सेलची क्षमता २६०० ते ३५०० एमएएच. या मापाच्या सेलवर ‘९९०० एमएएच’ लिहिलेलं दिसलं तर ते सरळ खोटं समजा, एवढी ताकद त्या नळीत मावतच नाही. अस्सल सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरतं. हातात घेतल्यावर फारच हलका लागला तर आत छोटा सेल घालून वर मोठं वेष्टण चढवलेलं असू शकतं. सेल काढता येत असेल तर शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघायला लाजायचं कारण नाही.

आता हिशेब. २६०० एमएएच आणि ३.७ व्होल्ट यांचा गुणाकार केला तर साधारण साडेनऊ वॅट-अवर होतात. बरा एलईडी एका वॅटमध्ये शंभरेक ल्युमेन देतो. म्हणजे शंभर ल्युमेनवर हा हेडलॅम्प आठ-नऊ तास चालेल. हजार ल्युमेनवर तासभरसुद्धा नाही. तेव्हा ‘१००० ल्युमेन, १० तास’ असं एकाच सेलच्या डब्यावर लिहिलेलं असेल तर दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असूच शकत नाहीत. हजार ल्युमेन पहिली काही मिनिटं, आणि दहा तास मंद उजेडावर, असा त्याचा खरा अर्थ.

नामांकित कंपन्या एएनएसआय एफएल १ या अमेरिकी मापपद्धतीने तास मोजतात. तिथेही एक मेख आहे. उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरला जातो. म्हणजे २०० ल्युमेनचा दिवा शेवटी २० ल्युमेनवर आलेला असला तरी मोजणी चालूच असते. यात फसवणूक नाही, पण वाचणाऱ्याला हे माहीत हवं.

आमचं मत स्पष्ट आहे. हेडलॅम्प त्याच्या सगळ्यात मोठ्या उजेडावरून घेऊच नका, मधल्या आणि मंद उजेडावरून घ्या. घरात लाइट गेल्यावर २० ते ५० ल्युमेन भरपूर झाले. वजू, सहरीचा स्वयंपाक, लेकराला औषध, सगळं त्यात होतं. बांधावरून चालायला आणि पाणी द्यायला १०० ते २०० पुरतात. त्यापुढचा उजेड विहिरीत मोटार बघायला किंवा रानडुकरं कुठे घुसलीत ते बघायला, तोही दोन-चार मिनिटांपुरता. मधल्या उजेडावर अख्खी रात्र निघणारा साधा हेडलॅम्प हजार ल्युमेनच्या बढाईखोरापेक्षा कधीही बरा.

झोत लांबचा की पसरट

लांब झोताचा हेडलॅम्प शेताच्या दुसऱ्या टोकापर्यंत उजेड टाकतो, पण पायाजवळ एक पांढरा गोळा पडतो आणि बाजूला काळोख. पट्टीसारखा एलईडी असलेला, ज्याला दुकानदार सीओबी म्हणतात, तो समोरचं सगळं सारखं उजळतो, पण वीस-पंचवीस पावलांपुढे त्याचं काही चालत नाही. स्वयंपाकघर, गाडीची दुरुस्ती, शिवणकाम, कुर्बानीच्या गोश्तची कापाकापी आणि वाटप, या कामांना पट्टीचा चांगला. शेताला दोन्ही झोत असलेला घ्या. डोकं खाली-वर करणारी बिजागरी घट्ट आहे का, हे दुकानातच दहा वेळा हलवून बघा. स्वस्तातल्या वस्तूत पहिली तीच ढिली होते.

उजेडाचा रंगही बघा. निळसर पांढऱ्या उजेडात गोश्तचा आणि जखमेचा रंग नीट कळत नाही, शिवाय पावसाळ्यात किडे त्यावर जास्त येतात. थोडा पिवळसर उजेड मिळाला तर तो घ्या. किड्यांनी अगदीच हैराण केलं तर हेडलॅम्प कपाळावरून काढून गळ्यात अडकवा आणि उजेड मंद करा. लाल उजेडाचं बटण असेल तर रात्री झोपलेल्यांची झोपमोड न करता उठता येतं. तहज्जुदला उठणाऱ्यांना हे फार सोयीचं आहे.

ईदचा विषय निघालाच आहे म्हणून: रात्री जबह करणं हनफी फिकहमध्ये मकरूह सांगितलं आहे, ते अंधारात चूक होईल या कारणाने. भरपूर उजेड असेल तर काय, हा प्रश्न आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावा. हेडलॅम्पच्या डब्यावर त्याचं उत्तर नाही.

सापाची गोष्ट

शेतात हेडलॅम्प घेण्याचं सगळ्यात मोठं कारण साप. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं हे आपल्याकडचे मुख्य विषारी साप. यातली मण्यार रात्री फिरते. तिचा चावा बऱ्याचदा दुखतही नाही, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती अंथरुणातच चावते. झोपण्यापूर्वी अंथरूण झटकून घेण्याची ताकीद हदीसमध्ये आहेच. ते झटकताना हेडलॅम्प लावा. चिरगुटं, उशीखालची जागा, कोपऱ्यातली सरपणाची रास, सगळीकडे नजर जाते आणि हात मोकळे राहतात.

पण एक गोष्ट डब्यावर कुणी लिहीत नाही. उजेड कपाळावरून, म्हणजे आपल्या नजरेच्याच रेषेत पडतो, त्यामुळे समोरच्या वस्तूची सावली आपल्याला दिसतच नाही. जमीन सपाट भासते. ढेकूळ, खड्डा, वेटोळं, सगळं एकसारखं. तोच दिवा कमरेपाशी धरला तर लहानशा उंचवट्याचीही लांब सावली पडते आणि आडवा पडलेला साप लगेच उठून दिसतो. म्हणून बांधावरून चालताना हेडलॅम्प हातात घ्या किंवा पट्ट्याला कमरेवर अडकवा, आणि कामाच्या जागी पोहोचल्यावर डोक्याला लावा. पायात गमबूट आणि हातात काठी हवीच. उजेडाला साप घाबरत नाही.

चावा झालाच तर घट्ट बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काही करू नका. चावलेला भाग हलवू नका आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरची लस तिथेच मिळते. पापण्या जड होणं, पोटात दुखणं, गिळायला त्रास, ही मण्यारीच्या विषाची लक्षणं आहेत, मग चाव्याची खूण दिसो वा न दिसो. दुआ गाडीत बसूनही करता येते, झाडफुकीसाठी वाट वाकडी करू नका.

आणखी एक. हात मोकळे झाले म्हणून ओल्या हाताने स्टार्टर किंवा फ्यूजला हात लावण्याची हिंमत वाढते. डीपीवर तर मुळीच चढायचं नाही, उजेड कितीही असो.

चार्जिंग, पाणी आणि ऊन

जुन्या पद्धतीच्या स्वस्त हेडलॅम्पमध्ये ४ व्होल्टचा शिसं-ॲसिडचा सेल असतो. तो वजनाला जड असतो आणि पूर्ण उतरवून महिनाभर ठेवला की मरतो. असा घरात असेल तर वापरल्यावर लगेच चार्ज करा, न वापरताही महिन्याला एकदा करा. लिथियमचं उलटं. बरेच दिवस ठेवायचा असेल तर अर्धा चार्ज करून सावलीत ठेवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये लिथियम सेल ठेवणं म्हणजे त्याचं आयुष्य निम्मं करणं. चार्जिंगही थंड जागेत करा, ४५ अंशांच्या वर ते करूच नये.

सेलवर आणि चार्जरवर बीआयएसची नोंदणी, म्हणजे ‘आर’ अक्षर आणि पुढे आठ आकडे, बघून घ्या. लिथियम सेलसाठीचं आपलं मानक आयएस १६०४६ आहे. चार्जिंगचं तोंड टाइप-सी असलेलं बरं, घरातल्या मोबाईलची वायर चालते. पण बऱ्याच स्वस्त हेडलॅम्पना दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेली नवी वायर चालत नाही. लावली तरी चार्जिंग सुरूच होत नाही आणि माणूस वस्तू बिघडली समजून परत करतो. जुन्या चपट्या यूएसबी तोंडाची वायर लावली की काम होतं.

रात्रभर चार्जिंगला लावून झोपायची सवय मोडा, विशेषतः गादी-गोधडीजवळ. झोपताना दिवे विझवा, उंदीर वात ओढून घर पेटवेल, अशा अर्थाची हदीस सहीह बुखारीत आहे. वातीची जागा आता स्वस्त सेल आणि हलक्या चार्जरने घेतली आहे. संध्याकाळी जागेपणी, फरशीवर ठेवून चार्ज करा. सेल फुगलेला दिसला, गरम लागला किंवा त्याला गोडसर वास आला तर तो पुन्हा वापरू नका.

पाण्याबाबत आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे आणि पाऊस चालेल. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पडला तरी चालेल. पाटात हात घालणाऱ्याला दुसरा परवडला तर उत्तम, नाहीतर पहिला पुरे. चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण मात्र शाबूत हवं.

थंडीत मफलर किंवा कानटोपीवरून बांधता येईल एवढा पट्टा लांब आहे का, हे बघा. पट्टा सुटा होऊन धुता आला पाहिजे. हात हलवला की लागणारा-विझणारा सेन्सर चिखलाच्या हातांना बरा, पण तो बंद करायची सोय हवी. नाहीतर फावडं मारताना दर घावाला उजेड जातो. बटण दाबत बंद करताना लुकलुकणारा झोत मध्ये येत असेल तर तो हेडलॅम्प घेऊ नका, माणसं वैतागतात.

कब्रस्तानासाठी

खेड्यात मगरिबनंतर इंतेकाल झाला आणि रात्रीच दफन करायचं ठरलं की कबर खोदणाऱ्यांची फार ओढाताण होते. वरून कुणी टॉर्च धरला तर खोदणाऱ्याचीच सावली कबरीत पडते. लहद कोरताना तर काहीच दिसत नाही. आत उतरणाऱ्या दोघांच्या डोक्यावर हेडलॅम्प असले की हा त्रास संपतो. मशीद किंवा कब्रस्तान कमिटीने चार हेडलॅम्प घेऊन एका जबाबदार माणसाकडे ठेवावेत, असं आम्हाला वाटतं. पसरट झोताचे आणि सेल बदलता येणारे घ्यावेत, सोबत दोन जादा सेल ठेवावेत. दर जुम्याला चार्जिंग तपासायची जबाबदारी नाव घेऊन कुणाला तरी द्यावी. शब-ए-बरातला जियारतीसाठी येणाऱ्यांनाही ते उपयोगी पडतील. फक्त झोत खाली ठेवायचा. मय्यतीच्या वारसांशी बोलताना उजेड थेट त्यांच्या डोळ्यांत जातो आणि लावणाऱ्याला ते कळतही नाही.

हज-उमऱ्याला नेणाऱ्यांनी हेडलॅम्प आणि जादा सेल हातातल्या बॅगेतच ठेवावेत. सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक विमानात सामानाच्या मोठ्या बॅगेत चालत नाहीत. १०० वॅट-अवरपर्यंतचे सेल केबिनमध्ये नेता येतात आणि आपला साडेनऊचा सेल त्यात आरामात बसतो. सेलची टोकं एकमेकांना लागू नयेत म्हणून प्रत्येक सेल वेगळ्या डबीत घाला किंवा टोकांवर चिकटपट्टी लावा.